उतारा

मराठीत 'उतारा' हा शब्द मोठा उद्योगी आहे. तलाठ्याकडे गेलात तर तो सात-बाराचा होतो. शाळेच्या प्रश्नपत्रिकेत शिरला की मुलांना घाम फोडतो. वैद्याकडे तो विषावर मिळतो. आणि अमावास्येच्या रात्री तिठ्यावर दहीभात व लिंबू ह्यांच्या रूपाने दिसला की भलेभले वळसा घालून जातात. परंतु आमच्या जयसिंगपुरात दसरा उलटला की ह्या शब्दाला एकच अर्थ उरतो. चहाच्या दुकानात, एस.टी.च्या थांब्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे दोन माणसे भेटतील तिथे पहिला प्रश्न हाच: "औंदा उतारा किती बसंल?" शंभर किलो ऊस गाळल्यावर साखर किती किलो हाती आली, तो उतारा. बाराला टेकला तर बोलणाऱ्याचा आवाज चढतो, अकराच्या खाली घसरला तर उतरतो.

जयसिंगपूर हे तसे तरुण गाव. शाहू महाराजांनी आपले जन्मदाते जयसिंगराव घाटगे ह्यांच्या नावाने ही पेठ वसवली, ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. तत्पूर्वी येथे १८९१ साली सुरू झालेल्या कोल्हापूर-मिरज आगगाडीचे 'शिरोळ रोड' नावाचे स्थानक तेवढे होते. रस्ते फूटपट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ; गल्ल्यांना नावांऐवजी आकडे. पेठ वाढली ती तंबाखूवर. पण एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला पंचगंगा, मध्ये काळीभोर जमीन. तेथे ऊस आल्याशिवाय राहतो थोडाच! आता गावाचे पंचांगच उसावर चालते. हंगामाच्या तोंडावर येथल्या विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते, दहा दिशांनी ट्रॅक्टर येतात, आणि त्या वर्षी दर काय मागायचा ते ठरते. त्या भाषणांतही शब्द तोच, उतारा.

हे सारे सांगायचे कारण माझा भाचा. हा गृहस्थ इंग्लंडात पुलांची गणिते करतो आणि सुटीच्या दिवशी घराच्या मागच्या खोपट्यात बिअर गाळतो. माझ्या बहिणीला हे अर्थातच रुचलेले नाही. "ताक घुसळ म्हटलं तर हात दुखायचे ह्याचे, आणि आता तिकडे पातेली ढवळतोय," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तिकडे ते राजरोस चालते. घरी बिअर करण्यास लागणारा परवाना ब्रिटिश सरकारने १९६३ साली काढून टाकला, अमेरिकेने घरगुती बिअरला १९७८ साली मोकळीक दिली. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने असा उद्योग घरी करणे गुन्हा आहे, हे येथेच सांगून ठेवतो, म्हणजे पुढील मजकूर वाचून कोणी पातेली शोधावयास लागणार नाही.

तर हा भाचा कैक वर्षांनी दिवाळीला आला. वसुबारसेच्या संध्याकाळी शेजारचे अण्णा ओसरीवर येऊन बसले आणि उताऱ्याची कथा सुरू झाली. अण्णांचा तीन एकर ऊस. कारखान्याचा उतारा गेल्या हंगामात घसरला म्हणून ते तळमळत होते. भाचा चकलीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत राहिला नि मध्येच म्हणाला, "मामा, अहो हे तर माझंच दुखणं! माझाही उतारा अडुसष्टावरच अडकलाय."

अण्णांनी डोळे विस्फारले. अडुसष्ट टक्के उतारा! त्यांना वाटले, पोराच्या इंग्लंडात साखरेचाच ऊस लागतो की काय.

भाच्याचा उतारा निराळा. त्याने सांगितले ते माझ्या शब्दांत असे. जव, म्हणजे ज्याला सगळे बार्ली म्हणतात, तो भिजवून त्याला मोड आणायचे, मोड आले की वाळवून भट्टीत शेकायचे, झाले माल्ट. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून तिचे सत्त्व बाळाला भरवतात. ही कृती तिची सख्खी बहीण. मग त्या माल्टची भरड काढून ती ऊन पाण्यात तासभर मुरवत ठेवायची. ह्याला ते मॅश म्हणतात. दाण्यातला पिठूळ भाग मुळात गोड नसतो. पण मोड येताना दाण्यात एक जिन्नस जागा झालेला असतो, तो ऊन पाण्यात त्या पिठाची साखर करतो. पॅरिसमध्ये पायें व पेर्सो ह्या दोघा रसायनज्ञांनी १८३३ साली तो माल्टमधून वेगळा काढला व त्याला डायस्टेज नाव दिले. जीवांच्या शरीरातील रासायनिक कामे करणारी जी एन्झाइमे, त्यांतले वेगळे काढलेले हे पहिलेच. माल्टमधून जास्तीत जास्त जेवढी साखर निघू शकते तीतली शेकडा किती आपल्या गोड काढ्यात आली, तो भाच्याचा उतारा. मोठे कारखाने नव्वदाच्या वर जातात. हौशी माणूस सत्तर-पंचाहत्तर गाठतो. आमचे चिरंजीव अडुसष्ट.

"मग बाकीचे बत्तीस जातात कुठे?" मी विचारले.

"चोथ्यात, मामा. चोथ्यात राहतात नि शेजाऱ्याच्या कोंबड्या खातात."

ह्या बत्तिसांचा शोध म्हणजेच ह्या विद्येचा इतिहास. कारणे तीन-चारच आहेत. पहिले भरडीचे. दाणा जाड राहिला तर पाणी आतपर्यंत पोहोचत नाही. अगदी पीठ केले तर त्याचा लगदा होऊन पाणी निथळतच नाही. जवाचा कोंडा शाबूत राहून आतला गर मात्र फुटावा, म्हणजे त्या कोंड्याचीच चाळणी होते. शेवयांची खीर आणि लापशी ह्यांतला फरक ज्यांना कळतो, त्यांना हे जास्त सांगायला नको.

दुसरे उष्णतेचे. साखर करणारे कामगार दोन जातींचे; एकाला बासष्ट ते पासष्ट अंशांवर हुरूप येतो, दुसऱ्याला सत्तरीच्या आसपास. ऐंशीच्या पुढे दोघेही कायमचे गार. आता ज्या काळी उष्णतामापक नव्हता, त्या काळी हे कसे साधत असतील? इंग्लंडातले जुने लोक आधण उतरवून ठेवीत आणि वाफ विरून पाण्यात स्वतःचा चेहरा दिसू लागला की भरड ओतीत. बव्हेरिया-बोहेमियातल्या लोकांची युक्ती ह्याहून नामी. ते मुरत घातलेल्या भरडीतला सुमारे तिसरा हिस्सा काढून वेगळा उकळीत व परत मूळ पिंपात ओतीत. पाणी दर वेळी साधारण सारख्याच उष्णतेला उकळते, त्यामुळे हिस्सा मोजून घेतला की उष्णता दर वेळी ठरलेली पायरी चढे. शिवाय उकळल्याने जाड दाणा फुटून उताराही वाढे. उष्णतामापक हातात नसताना उष्णता मोजण्याची ही रीत मला तर मोठी बुद्धिमान वाटते. आमच्या आजीने पाकाची तार बोटांत धरून पाहिली, तीही ह्याच घराण्यातली.

तिसरे कारण धुण्याचे, आणि खरी मेख येथे आहे. माझी आई कोकणातली. नारळाचा रस काढताना ती पहिला दाट रस पिळून घेई, मग त्याच चोथ्यावर ऊन पाणी घालून दुसरा, आणि जमल्यास तिसरा. भाच्याने फराळाचे ताट बाजूला सारून कागदावर हिशेब मांडला. पाच किलो भरड घ्या. ती निथळली तरी सुमारे पाच लिटर पाणी पोटात धरून ठेवते. आपल्यापाशी पाणी आहे पंचवीस लिटर. ते सगळे एकदम ओतले, तर वीस लिटर निथळते, पाच चोथ्यात राहते. म्हणजे साखरेचा पाचवा हिस्सा गेला, शेकडा वीस. तेच पाणी दोनदा वापरले, आधी पंधरा लिटर, ते निथळल्यावर आणखी दहा, तर पहिल्या खेपेस तिसरा हिस्सा मागे राहतो, दुसऱ्या खेपेस त्या तिसऱ्याचा तिसरा. म्हणजे नववा, शेकडा अकरा. पाणी तितकेच, चोथा तोच, आणि नऊ टक्के फुकट मिळाले! तीन खेपा केल्या तर तोटा आठावर येतो. पुढे मात्र कष्ट वाढतात आणि लाभ चिमूटभर. आईला हे गणित ठाऊक नव्हते, पण चौथा रस तिने कधी काढला नाही.

जुने इंग्रज बिअरवालेही असेच तीन पाणी काढीत. पहिल्याची कडक, दुसऱ्याची मध्यम, तिसऱ्याची पोराबाळांनी प्यावी अशी पातळ. पुढे स्कॉटलंडातल्या लोकांनी वेगळी रीत काढली. भरड एकदाच मुरवायची आणि वरून झारीने ऊन पाणी शिंपडत राहायचे. खालून दाट काढा निघत जातो, वरून स्वच्छ पाणी त्याला ढकलीत येते. एकोणिसाव्या शतकात ही रीत इंग्लंडभर गेली. पाणी फार ऊन, फार वेळ शिंपडले तर कोंड्याचा तुरट रसही उतरतो. एवढे सांभाळले की झाले. भाचा हे काही करीत नव्हता. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी एक सुटसुटीत पद्धत रूढ केली आहे: सगळी भरड कापडी पिशवीत बांधून एकाच पातेल्यात बुडवायची नि उचलून घ्यायची. सोपे खरे, पण त्यात धुणे नाही. "दोन मुठी माल्ट जास्त टाकलं की भागतं," भाचा म्हणाला. हौसेचा मामला. घरच्या पातेल्यात उतारा कमी पडला तर कोंबड्या तेवढ्या मजेत राहतात.

परंतु ज्याला प्रत्येक मापावर कर भरायचा होता त्याचे असे भागत नव्हते. इंग्लंडात १६९७ साली माल्टवर कर बसला. त्याच सुमारास पिंपात काय दडले आहे हे पाहण्याची साधने मात्र नव्हती. ऑल्टन गावच्या जेम्स बॅव्हरस्टॉकची गोष्ट सांगतात. बाप बिअर गाळणारा, जुन्या वळणाचा. उष्णतामापक म्हणजे त्याला चेष्टा वाटे. मुलगा तो बापाच्या डोळ्यांआड वापरी. १७६८ साली त्याने काढ्यात तरंगवून त्याचा दाटपणा सांगणारी एक काचेची नळी विकत आणली आणि मोठ्या आशेने लंडनच्या व्हिटब्रेड शेटजींना दाखविली. शेटजींनी पोरखेळ सोडून कामाला लाग म्हणून त्यास वाटेस लावले. घरोघरच्या वडीलमंडळींची ही जात सर्वत्र एकच! पुढे १७८४ साली रिचर्डसन नावाच्या गृहस्थाने ही नळी कशी वापरावी ह्यावर ग्रंथ लिहिला, आणि लंडनच्या व्यापारात खळबळ उडाली. तेथली काळी पोर्टर बिअर ज्या तपकिरी माल्टची होत असे ते मापाला स्वस्त. पण नळी सांगू लागली की त्यातून साखर फारच कमी निघते, उलट फिके माल्ट महाग असूनही साखरेच्या हिशेबी स्वस्त पडते. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला स्वस्त समजत होते ते महाग निघाले. काही दशकांत पोर्टरचा पाया बदलला. मोजमाप हाती आले की अशा पुष्कळ जुन्या समजुती कोलमडतात.

येथपर्यंत अण्णा जांभया देत होते. मोजमापाचे नाव निघताच सावरून बसले. "त्ये उसाचं बोला की," म्हणाले.

उसाचे बोलायचे तर गुऱ्हाळावर गेले पाहिजे. भाऊबीज झाल्यावर आम्ही तिघे कोल्हापूरच्या बाजूस पंचगंगेकाठच्या एका गुऱ्हाळावर गेलो. चुलवाणावर काहील रटरटत होती, गुळव्या मळी काढीत होता. ह्या गुळाचा व्यापार शाहू महाराजांनी वसविलेल्या शाहूपुरी पेठेने देशभर नेला. एके काळी रस काढावयाचा तो लाकडी घाण्यात. मग लोखंडी चरक आले. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून लोखंडी नांगर निघाले तसे उसाचे चरकही निघाले, आणि बैल फिरविणाऱ्या शेतकऱ्याला चिपाडात राहणारा रस परत मिळू लागला. तरीही बैलाच्या चरकातून शंभर किलो उसाला रस पन्नास-साठ किलोच पडे. उसात चोयटी अशी किती? बारा-चौदा किलो. म्हणजे उरलेले सव्वीस ते अडतीस किलो रसच चिपाडाबरोबर चुलवाणात जळत असे. इंजिनावरचे चरक आले तेव्हा आणखी पाचेक किलो सुटले, इतकेच.

भाच्याला राहवेना. त्याने चरकातून बाहेर पडलेले चिपाड उचलून चघळले. "मामा, गोड आहे की! ह्याच्यावर ऊन पाणी मारून पुन्हा पिळत का नाहीत?"

गुळव्याने काहिलीवरची नजर न काढता उत्तर दिले. "पाणी घालशिला पावनं, पर आटवायचं कुनी? आनि चिपाड भिजलं तर जाळू काय?"

मी हा प्रश्न इतकी वर्षे कोणाला विचारला नव्हता. आणि उत्तर तर बिअरच्या नि साखरेच्या साऱ्या इतिहासाला पुरे पडणारे. चोथा धुणे ही फुकटची कमाई नव्हे. जितके पाणी घालाल तितके पुढे आटवावे लागते, आणि आटवायला जळण लागते. बिअरवाल्याला काढा कसाही तास-दीड तास उकळायचा असतो, म्हणून थोडे पाणी त्याला खपते. गुळव्याचे जळण म्हणजे ते चिपाडच; त्यातली साखर काढायला जावे तर त्याचा जाळ जातो. त्याचा उतारा दहा-अकरा किलो गुळावर थांबतो तो अडाणीपणामुळे नव्हे, हिशेबामुळे.

हा हिशेब उलटा फिरवला तो अमेरिकेतल्या एका माणसाने. नॉर्बर्ट रिल्यू हा न्यू ऑर्लिन्सचा. आई आफ्रिकी वंशाची, बाप गोरा मळेवाला. ज्या मुलुखात त्याच्या वर्णाची माणसे गुलाम म्हणून काहिलींवर भाजत होती, तेथे त्याने १८४३ साली एका यंत्राचे पेटंट घेतले. रसाची वाफ हवेत सोडून न देता तिच्यानेच शेजारच्या बंद भांड्यातला रस तापवायचा, त्याच्या वाफेने तिसऱ्यातला. पुढच्या पुढच्या भांड्यातली हवा उपसलेली, म्हणून तेथला रस कमी उष्णतेवर उकळतो. एका जाळावर तीन भांडी! पाणी आटवणे इतके स्वस्त झाल्यावरच चिपाड धुणे परवडू लागले.

आज आपल्या कोणत्याही साखर कारखान्यात हेच पाहावयास मिळते. ऊस आधी सुऱ्यांनी तुकडे होऊन, कुटून अगदी विस्कटला जातो. ही भाच्याची भरड. मग तो चार-पाच चरकांच्या रांगेतून जातो आणि शेवटल्या चरकाच्या तोंडाशी त्यावर साठ-सत्तर अंशांचे ऊन पाणी सोडतात. फार तापवलेले चालत नाही, उसाचे मेण सुटून लाट्या घसरू लागतात. गंमत पुढेच आहे. शेवटच्या चरकातला पातळ रस टाकून न देता अलीकडच्या चरकापुढील चिपाडावर शिंपडतात, त्याचा रस त्याच्याही अलीकडे. ऊस पुढे जातो, पाणी मागे येते. उन्हाळ्यात पाणी बेताचे असले की बायका शेवटच्या खळबळीचे पाणी पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्याला घेतात, तशातलाच प्रकार. ह्या युक्तीने उसातल्या शंभर भाग साखरेपैकी पंच्याण्णवच्या आसपास रसात उतरते. पुढे मळीत आणि काकवीच्या शेवटच्या गाळात काही जातेच. ते वजा जाता आमच्या भागात शंभर किलोला अकरा ते साडेबारा किलो साखर पोत्यात पडते.

आता अण्णांचे दुखणे. उसाला केंद्र सरकार जो किमान दर ठरवते तो उताऱ्याशी बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामाला सव्वादहा टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि वर प्रत्येक दशांश टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. दशांश टक्का म्हणजे शंभर किलो उसात दहा तोळ्यांहून कमी साखर. पण टनाला ते ३४ रुपये ६० पैसे होतात. एकरी चाळीस टन धरले तर तेराशे चौऱ्याऐंशी, आणि दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याच्या साऱ्या सभासदांचे मिळून तीन कोटी सेहेचाळीस लाख. मूळ टप्पाही वर वर सरकला आहे. २००९-१० साली तो साडेनऊ होता, २०१८-१९ साली दहा झाला, २०२२-२३ पासून सव्वादहा. साडेनऊच्या खाली मात्र दर कापत नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

आणि हा उतारा कोणाचा? साऱ्या कारखान्याचा, सरासरीचा. अण्णांनी को ८६०३२ वेळेवर लावला, वेळेवर तोडला, म्हणून त्यांना निराळे माप नाही. तोडलेला ऊस फडात दोन-तीन दिवस वाळला की त्यातली साखर फुटू लागते. चरकाच्या लाट्या झिजल्या की चिपाड गोड निघते. शेवटल्या चरकावर पाणी कमी पडले की तेच. ऊस अण्णांचा आणि मॅश कारखान्याची, असा हा संसार. त्यातून २०१८ पासून रस आणि घट्ट काकवी इथेनॉलकडे वळवण्यास मुभा मिळाली. तेवढी साखर पोत्यात पडत नाही, म्हणून तिची कागदावर भर घालून उतारा काढावा लागतो, आणि कागदावरच्या साखरेवर कोणाचा विश्वास बसणे कठीण. उतारा मागच्या हंगामाचा धरावा की चालू, ह्यावरही भांडण झाले. राज्य शासनाने २०२२ साली दर दोन हप्त्यांत देण्याचे ठरविले, दुसरा हप्ता चालू हंगामाचा उतारा कळल्यावर. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली तो निर्णय रद्द केला.

भाच्याने येथे एक गोष्ट सांगितली ती मला चटका लावून गेली. ग्लॅडस्टनने १८८० साली माल्टवरचा कर उठवून तो गोड काढ्यावर बसविला. नळी काढ्यात तरंगवायची आणि दाटपणा पाहून कर घ्यायचा. परंतु सरकार भोळे नव्हते. कायद्यात असे गृहीत धरले की दोन बुशेल माल्टमधून, म्हणजे धान्याच्या दोन ठरलेल्या मापांतून, छत्तीस गॅलन काढा आणि १०५७ इतका दाटपणा निघालाच पाहिजे. कोणाच्या पिंपात तेवढा नाही निघाला, भरड वाईट पडली, पाणी गार झाले, धुणे चुकले, तर तो त्याचा दोष. कर गृहीत मापाने. हयगयीचा भुर्दंड हयगय करणाऱ्याच्या माथी. आमच्याकडे चिपाड गोड निघाले तर दर ऊसवाल्याचा कमी होतो. दोन्ही कायदे उताऱ्याचेच, पण तराजूची दांडी उलट्या बाजूस कललेली. कारखान्यालाही साखर कमी विकावी लागते, हे खरे. पण हयगय थांबवणे त्याच्या हाती असते, अण्णांच्या नसते.

परतीच्या वाटेवर गाडीत अण्णा गप्प होते. घरी आल्यावर भाच्याने पेटीतून एक वीतभर नळी काढली. बिअरच्या काढ्याचा थेंब तिच्या काचेवर ठेवून उजेडाकडे पाहायचे, आत निळ्या-पांढऱ्या रेषेवर आकडा दिसतो. आकड्यांना नाव 'ब्रिक्स'. साखर कारखान्यातल्या रसायनशाळेत चालतो तोच हा ब्रिक्स. प्राग शहरातल्या बॉलिंग नावाच्या प्राध्यापकाने १८४३ साली साखरेच्या पाण्याची कोष्टके केली, तीच पुढे दहा-बारा वर्षांनी जर्मनीत ब्रिक्स ह्याने सुधारून घेतली, आणि बिअरवाल्यांसाठी प्लॅटो ह्याने १९०० च्या सुमारास. तेव्हा भाच्याचे पातेले आणि अण्णांचा ऊस एकाच कोष्टकाची लेकरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव असतानाच आम्ही अण्णांच्या फडात गेलो. अण्णांनी एक ऊस बुडख्याशी तोडला, कोयत्याने सोलून पिळला, थेंब काचेवर पडला. नळी डोळ्याला लावून ते बराच वेळ सूर्याकडे पाहत राहिले. "एकवीस," म्हणाले. मी घाईने सांगितले की हा रसाचा दाटपणा, उतारा नव्हे. ह्यात साखरेखेरीज इतरही असते. त्यांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि त्याच उसाचे वाढ्याकडचे कांडे पिळले. तेथे सतरा. बुडखा नि शेंडा ह्यांचे आकडे जवळजवळ आले म्हणजे ऊस पक्व, असे शास्त्र आहे. अण्णांनी शेंड्याचे कांडे दातांनी सोलले, चघळले, थुंकले.

"अजून पंधरा-वीस दिवस हाईत," ते म्हणाले, "जीभ बी त्येच म्हनतीया."

भाचा नळी तिथेच ठेवून गेला. कार्तिकी पौर्णिमा झाली तरी अण्णा रोज सकाळी बांधाबांधाने फिरतात, आपल्या नि शेजाऱ्यांच्याही, आणि आकडे नातवाच्या जुन्या वहीत लिहून ठेवतात. परवा म्हणत होते, तोडणीची चिठ्ठी आली की वही घेऊनच कारखान्यावर जाणार.